कोकणातून लॉला प्रवेश घ्यायचाय? मार्कांच्या आधी कागद बघा

वकील व्हायचं तर सीईटी द्यावी लागते, हे आता बहुतेकांना ठाऊक असतं. परीक्षेची तयारीही मुलं मन लावून करतात. पण जून-जुलैमध्ये मला जे फोन येतात, त्यांतला क्वचितच एखादा परीक्षेबद्दल असतो. ‘नॉन-क्रिमीलेयर मार्चमध्येच संपलंय, आता काय करू?’, ‘व्हॅलिडिटीची पावती चालेल का?’, ‘सीईटी दिली, पण कॉलेजकडून काहीच निरोप नाही, असं कसं?’ असे प्रश्न असतात. (नॉन-क्रिमीलेयर म्हणजे मागास प्रवर्गातलं कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला, आणि व्हॅलिडिटी म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र.) चांगले गुण मिळवलेली मुलगी एका दाखल्यापायी वर्षभर घरी बसते, तेव्हा फार वाईट वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय. मी या प्रक्रियेतून गेलो आहे आणि त्यानंतर वाडीतल्या, नात्यातल्या मुलांचे अर्ज भरायलाही बसलो आहे. कोकणातल्या मुलांची जागा जाते ती बहुतेक वेळा कागदावर आणि तारखेवर, आणि हे दोन्ही आधीपासून हातात घेता येतं.

१. आधी रस्ता ठरवा: बारावीनंतर की पदवीनंतर

महाराष्ट्रात एलएलबीला दोन वाटा आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम, किंवा कुठलीही पदवी घेतल्यावर तीन वर्षांचा. बारावी कला, वाणिज्य, विज्ञान यांपैकी कशातूनही झालेली चालते. दोन्हींसाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सीईटी सेल, वेगवेगळी परीक्षा घेतो. अर्जही वेगळे आणि तारखाही वेगळ्या. बीएच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलाने घाईत पाच वर्षांचा अर्ज भरून ठेवल्याचं मी पाहिलंय. फॉर्मच्या पहिल्याच पानावर ‘एलएलबी ५ वर्षे’ आहे की ‘एलएलबी ३ वर्षे’ हे दोनदा वाचा. शेवटच्या वर्षाची परीक्षा बाकी असली तरी सीईटीला बसता येतं. निकालाचे कागद प्रवेशाच्या वेळी लागतात.

याखेरीज आणखी दोन दारं आहेत आणि आपल्याकडे त्यांची माहिती उशिरा पोचते.

पहिलं दार क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठं राज्याच्या सीईटीवर प्रवेश देत नाहीत, तिथे क्लॅट लागते. ही परीक्षा अलीकडे डिसेंबरात होते आणि तिचे अर्ज त्याआधी कितीतरी महिने सुटतात. म्हणजे बारावीच्या जानेवारीत चौकशी सुरू केली, तर त्या वर्षाची गाडी गेलेली असते. क्लॅटमध्ये चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, राज्याच्या सीईटीत कापत नाहीत. दोन्ही देणार असाल तर हा फरक पक्का लक्षात ठेवा, कारण उत्तरं देण्याची रीतच बदलते.

दुसरं दार गोव्याचं. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीकडच्या मुलांना पणजी मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. पणजीजवळ मिरामारला व्ही. एम. साळगांवकर विधी महाविद्यालय आणि मडगावला जी. आर. कारे विधी महाविद्यालय आहे. दोन्ही गोवा विद्यापीठाची. त्यांचे प्रवेश महाराष्ट्राच्या सीईटीतून होत नाहीत, तिथली प्रक्रिया स्वतंत्रपणे पाहावी लागते.

२. पात्रता: ४५ टक्क्यांची रेघ

बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या कायदेशिक्षण नियमांवरून ही अट आलेली आहे. खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, इतर मागासवर्गाला ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. महाराष्ट्रात ४२ ची सवलत विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग यांनाही लागू होते. पाच वर्षांसाठी बारावीचे गुण, तीन वर्षांसाठी पदवीचे.

४४.८ म्हणजे ४५ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. इथे वरच्या आकड्यात ओढून घेत नाहीत.

आणि या रेघेखाली एक खड्डा आहे. समजा तुम्ही कुणबी किंवा भंडारी आहात आणि बारावीला ४३ टक्के आहेत. इतर मागासवर्गातून तुम्ही पात्र. पण मुदतीत नॉन-क्रिमीलेयर दिलं नाहीत तर अर्ज खुल्या प्रवर्गात जातो, आणि तिथे ४५ लागतात. म्हणजे आरक्षणही गेलं आणि पात्रताही गेली. ४२ ते ४५ च्या दरम्यान गुण असलेल्यांनी तर दाखल्यांचं काम सीईटीच्या अभ्यासाइतकंच मनावर घ्यायला हवं.

वयाची अट सीईटीला नाही. चाळिशीतली माणसं, मुलं मोठी झालेल्या गृहिणी, निवृत्त शिक्षक तीन वर्षांच्या वर्गात दिसतात आणि छान शिकतात. मात्र एलएलबी घरबसल्या होत नाही. दूरशिक्षणाने केलेली एलएलबी वकिलीला चालत नाही. नियमानुसार ७० टक्के हजेरी लागते आणि बार काउन्सिलने २०२४ मध्ये महाविद्यालयांना याबाबत पुन्हा कडक सूचना दिल्या आहेत. नोकरी करत असाल, किंवा त्याच वेळी दुसरी नियमित पदवी चालू असेल, तर ते लपवू नका. याचं लेखी निवेदन द्यावं लागतं.

मुक्त विद्यापीठाबद्दल मला सर्वांत जास्त विचारतात, कारण आपल्याकडे कितीतरी जणांनी मुंबईत नोकरी करता करता किंवा संसार सांभाळून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए केलेलं असतं. दहावी, बारावी रीतसर झाली असेल आणि मग मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली असेल, तर अडचण नाही. पण बारावी न होता पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट पदवीला गेलेला असाल, तर बार काउन्सिलचा नियम तुम्हाला अडवतो. सीईटीचं शुल्क भरण्याआधीच हे तपासा. अशा वेळी आधी बारावी रीतसर करणं हा लांबचा पण भरवशाचा मार्ग आहे.

३. फाईलमध्ये काय काय हवं

एक प्लास्टिकची झिपवाली फाईल घ्या. पावसाळ्यात कागदी फाईल आपल्याकडे टिकत नाही. तिच्यात मूळ कागद, प्रत्येकाच्या तीन-चार झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो ठेवा. साधारण एवढे कागद लागतात:

- दहावी आणि बारावीची गुणपत्रिका
- तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र. गुणपत्रिकेत फक्त श्रेणी असेल तर टक्केवारी दाखवणारा विद्यापीठाचा कागद
- शाळा किंवा महाविद्यालय सोडल्याचा दाखला
- वय, राष्ट्रीयत्व व अधिवास दाखला, ज्याला सगळे डोमिसाईल म्हणतात
- आधार कार्ड
- राखीव प्रवर्गासाठी जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे व्हॅलिडिटी
- अनुसूचित जाती-जमाती सोडून बाकीच्या मागास प्रवर्गांसाठी नॉन-क्रिमीलेयर
- आर्थिक दुर्बल घटकासाठी ईडब्ल्यूएस दाखला, राज्य शासनाच्या नमुन्यातला
- शुल्क सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला
- मध्ये वर्षं गेली असतील तर त्याचं प्रतिज्ञापत्र, म्हणजे गॅप सर्टिफिकेट
- दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र. रत्नागिरीचा मुलगा कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठातून बीकॉम करून परत आला असेल, तर त्याला हे लागतं, कारण आपली कॉलेजं मुंबई विद्यापीठाची आहेत
- दिव्यांग, माजी सैनिकांची मुलं वगैरे असल्यास त्या त्या नमुन्यातला दाखला

सगळ्या कागदांवर नाव एकसारखं आहे का ते एका बैठकीत, कागद शेजारी शेजारी मांडून बघा. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव मूळ धरायचं. आधारवर ‘संतोष’चं स्पेलिंग वेगळं, दाखल्यावर वडिलांचं नाव ‘चंद्रकांत’ आणि रेशनकार्डावर घरातलं ‘बाबू’, हे आपल्याकडे घरोघरी आहे. आधार दुरुस्ती हातातली आहे, ती आधी करा. शाळेच्या दाखल्यातली चूक मात्र शाळेत असतानाच दुरुस्त होणं सोपं, एकदा शाळा सुटली की तेच काम शिक्षणाधिकारी कार्यालयापर्यंत जातं. लग्न झालेल्या मुलींनी विवाह नोंदणी दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र जवळ ठेवावं. जात आणि नॉन-क्रिमीलेयर हे माहेरच्या, म्हणजे वडिलांच्या बाजूनेच पाहिलं जातं. सासरच्या नावाने दाखले काढायला धावू नका.

४. दाखले: कुठे, कधी आणि कशाच्या आधारावर

डोमिसाईल, उत्पन्न आणि ईडब्ल्यूएस हे दाखले तहसीलदारांकडून मिळतात. जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेयर प्रांत कार्यालयातून. अर्ज सेतूत, आपले सरकार सेवा केंद्रात किंवा घरून आपले सरकार पोर्टलवर करता येतो. पावतीवर दाखला किती दिवसांत मिळणार ती मुदत असते. ती उलटली तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करता येतं, हे शांतपणे सांगितलं तरी काम पुढे सरकतं. दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रासाठी ५०० रुपयांचा स्टॅम्प आणा असं कोणी म्हणालं तर आणू नका. जात, उत्पन्न, नॉन-क्रिमीलेयर अशा दाखल्यांसाठी हे मुद्रांक शुल्क माफ असल्याचं राज्य सरकारने २०२५ मध्ये पुन्हा जाहीर केलं आहे.

नॉन-क्रिमीलेयरची शेवटची ओळ वाचा. ‘हे प्रमाणपत्र ३१ मार्च अमुक पर्यंत वैध’ अशी ती असते. ज्या शैक्षणिक वर्षासाठी प्रवेश घेताय, त्या वर्षाच्या शेवटच्या मार्चपर्यंत ते वैध हवं. २०२६-२७ साठी म्हणजे ३१ मार्च २०२७. डिसेंबरात काढलेला दाखला कधीकधी येत्या मार्चलाच संपतो आणि प्रवेश सुरू होतात जून-जुलैत. तीन वर्षांचे उत्पन्नाचे कागद जोडून मागितलात तर जास्त मुदतीचा मिळू शकतो. मार्चला संपणारा असेल तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच नवा अर्ज टाका. दहावी-बारावीचे निकाल लागले की सेतूच्या रांगा दारापलीकडे जातात.

मराठा समाजातल्या मुलांनी एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ईडब्ल्यूएस यांतलं आपल्याला कुठलं लागू आहे, ते त्या वर्षीच्या नियमांत आधी बघावं. २०२४ च्या कायद्याने एसईबीसी आरक्षण मिळाल्यापासून दोन्ही एकदम मागता येत नाहीत. कुणबी नोंद सापडली असेल तर मग इतर मागासवर्गाचा मार्ग, आणि व्हॅलिडिटी त्याची.

व्हॅलिडिटीवर मी मुद्दाम जास्त लिहितोय. सगळ्यांत जास्त वेळ हिलाच लागतो. अर्ज जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे जातो. ठाकर, महादेव कोळी, कातकरी अशा अनुसूचित जमातींसाठी समिती वेगळी, कोकण विभागाची, ती ठाण्याला. अर्ज ऑनलाइन भरून कॉलेजचा सही-शिक्का आणि कागद जोडावे लागतात. बारावीत असाल तर दिवाळीच्या सुट्टीआधी कॉलेजच्या ऑफिसातून हे करून घ्या.

समितीला पुरावा हवा असतो जुना. इतर मागासवर्ग आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आणि जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा. तुमच्या वडिलांच्या बाजूच्या रक्तातल्या कुणाची, म्हणजे वडील, सख्खे काका, आत्या, सख्खं भावंड यांची व्हॅलिडिटी झालेली असेल, तर तिची प्रत आणि वंशावळ जोडा, काम पुष्कळ हलकं होतं. म्हणून पहिला फोन मुंबईतल्या काकांना करा. चुलत बहीण डिप्लोमाला होती तेव्हा तिची झालेली असते आणि गावच्या घरात ते कुणाला माहीतच नसतं.

असं कुणी नसेल तर आजोबा शिकले त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जायचं. मुख्याध्यापक कपाटातून जनरल रजिस्टर काढतात. कापडी बांधणीचं, कडा वाळवीने खाल्लेल्या, पानं दमट हवेने एकमेकांना चिकटलेली. त्यात आडनाव शोधत बसू नका, कारण जुन्या नोंदींत बऱ्याचदा आडनावच नसतं. ‘सोनू बाळा’, ‘धोंडू विठू’ एवढंच. आजोबांचं जन्मसाल अंदाजे काढा, त्यापुढची सहा-सात वर्षं धरा आणि त्या पानांवर मुलाचं नाव, बापाचं नाव, वाडी असं जुळवत जा. जातीच्या रकान्यातली शाई फिकी झाली असली तर पान उजेडाकडे तिरकं धरून वाचा. नोंद सापडली की उताऱ्यावर रजिस्टरचा अनुक्रमांक आणि प्रवेशाची तारीख आहे ना ते तिथेच बघा आणि मुख्याध्यापकांची सही, शिक्का घेऊनच निघा. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ च्या जन्म-मृत्यूच्या नोंदी मागा. चाकरमानी घराण्यांचे पुरावे काही वेळा गिरणगावातल्या महापालिका शाळेत निघतात, तिथेही चौकशी करा.

आजोबांच्या नोंदीत आडनाव नाही आणि तुमच्या दाखल्यावर आहे, तर हे दोन्ही एकच माणूस असल्याचं दाखवणारं काहीतरी मधे हवं. वारस नोंदीचा फेरफार इथे उत्तम चालतो, कारण त्यात आजोबा, वडील, काका सगळे एका कागदावर येतात.

प्रवेशाच्या वेळी व्हॅलिडिटी हातात नसेल तर काही वर्षी सरकार पावतीवर प्रवेश आणि मागाहून सादर करायला मुदत देतं. ही सवलत त्या त्या वर्षीच्या आदेशावर असते. तिच्या भरवशावर अर्ज लांबवू नका.

५. सीईटीचा अर्ज

अर्ज साधारणपणे डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास सुटतात आणि परीक्षा मार्च ते मेच्या दरम्यान कधीतरी येते. तारखा दरवर्षी हलतात, त्यामुळे सीईटी सेलचं अधिकृत संकेतस्थळच बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या वेळापत्रकाचा फोटो मागच्या वर्षीचाही असू शकतो.

सगळ्यात मोठी फसगत होते ती मोबाईल नंबरची. गावात नेट धड नसतं, म्हणून मुलं बाजारातल्या केंद्रावर फॉर्म भरतात. तिथला माणूस घाईत स्वतःचा ईमेल आणि नंबर टाकतो. मग प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे, पासवर्ड त्याच्याकडे आणि ऑगस्टात कॉलेजं भरायची वेळ येते तेव्हा तो फोन उचलत नाही. केंद्रावर जरूर जा, पण नंबर तुमचा, ईमेल तुमचा आणि पासवर्ड तुमच्या वहीत लिहिलेला. आणि तो नंबर वर्षभर बंद पडू देऊ नका.

फॉर्म सबमिट झाल्यावर छापील प्रत घ्या. प्रवर्ग, जन्मतारीख, अभ्यासक्रम आणि परीक्षेचं माध्यम या चार गोष्टी घरी येऊन पुन्हा वाचा. दुरुस्तीची खिडकी थोडेच दिवस उघडी असते.

६. परीक्षा

परीक्षा संगणकावर, दोन तासांची, १२० प्रश्न, प्रत्येकी एक गुण. इंग्रजीचा भाग सोडून प्रश्न मराठीतही असतात. कायद्याविषयीचं आकलन, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी, तर्क आणि इंग्रजी हे भाग दोन्हीकडे आहेत. पाच वर्षांच्या परीक्षेत थोडं गणित असतं, तीन वर्षांच्या परीक्षेत नाही, पण तिथे इंग्रजीवर सर्वाधिक, १२० पैकी ४० प्रश्न असतात. मराठी माध्यमातल्या मुलांनी तीन वर्षांची सीईटी देताना याची तयारी आधीपासून करावी. गुण कापले जात नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका.

जुनी पुस्तकं घेताना सांभाळा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम आले. ताई-दादांकडून आलेल्या पुस्तकात खुनाला कलम ३०२ असेल, आता ते १०३ आहे. संविधानाचा भाग मात्र जुन्या पुस्तकातूनही उत्तम होतो. मूलभूत हक्क, मार्गदर्शक तत्त्वं, राष्ट्रपती, संसद, न्यायव्यवस्था एवढं मराठीतून नीट वाचलंत तरी कायद्याच्या आणि सामान्य ज्ञानाच्या दोन्ही भागांना आधार मिळतो.

ज्यांनी माऊस फारसा हाताळलेला नाही, त्यांनी सीईटी सेलच्या संकेतस्थळावरची सराव चाचणी शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या संगणकावर दोन-तीनदा सोडवावी. परीक्षा बऱ्याचदा आंब्याच्या हंगामात येते. घरात काढणी, पेट्या भरणं, सगळ्यांची धावपळ. परीक्षेच्या आधीचा आठवडा तरी मुलांना मोकळा द्या, ही आईवडिलांना मनापासून विनंती. गुहागर-दापोलीच्या आतल्या गावातून पहिली एसटी पकडून सकाळच्या सत्राला पोचता येईलच असं नाही. आदल्या संध्याकाळी केंद्राच्या गावात मुक्काम करा. प्रवेशपत्र आणि मूळ ओळखपत्र दोन्ही लागतात.

७. कॅप: इथे सगळं पुन्हा नव्याने भरायचं असतं

सीईटी दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असं कितीतरी जण धरून चालतात. तसं नाही. निकालानंतर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, म्हणजे कॅपची, नोंदणी वेगळी. शुल्क वेगळं आणि मुदतही वेगळी. ही नोंदणी केली नाही तर कितीही चांगले गुण असले तरी गुणवत्ता यादीत नाव येत नाही आणि कुठल्याही कॉलेजचा फोन येत नाही.

नोंदणी करताना कागद स्कॅन करून चढवायचे. मोबाईलने घेतलेला तिरपा, सावली पडलेला फोटो ई-स्क्रूटिनीत, म्हणजे कागदांच्या ऑनलाइन तपासणीत, परत येतो. दाखल्याच्या मागे मजकूर असेल तर मागची बाजूही हवी. हे दिवस नेमके मुसळधार पावसाचे. वीज जाते, टॉवर बंद पडतो. म्हणून सगळे कागद मे महिन्यातच स्वच्छ स्कॅन करून पेनड्राईव्हवर आणि स्वतःच्या ईमेलवर ठेवा आणि शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. अर्ज पाठवल्यावर रोज लॉगिन करून बघा. ‘त्रुटी’ म्हणून परत आला असेल तर ती दुरुस्त करून पुन्हा सादर करावा लागतो. प्रवेशाच्या फेऱ्यांच्या काळात गणपती येतात, तेव्हा सरकारी ऑफिसं बंद आणि गाड्या भरलेल्या. त्या आठवड्यात एखादी तारीख पडतेय का हे आधीच बघून ठेवा.

दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झाली असेल तर राज्याचा उमेदवार ठरायला अडचण येत नाही. सीमेवरच्या काही मुलांची बारावी गोव्यात, पेडण्याला किंवा डिचोलीला झालेली असते. त्यांचा सगळा आधार स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या महाराष्ट्रातल्या डोमिसाईलवर असतो, तेव्हा तो दाखला हवाच हवा.

मग तात्पुरती गुणवत्ता यादी लागते, हरकतींना मुदत मिळते आणि नंतर अंतिम यादी. तात्पुरत्या यादीत प्रवर्ग आणि गुण बरोबर आहेत का ते त्याच दिवशी तपासा, हरकतीची मुदत उलटली की दुरुस्ती होत नाही.

यानंतर ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम. जे कॉलेज मनापासून हवंय ते सगळ्यात वर, मागच्या वर्षीचा कटऑफ कितीही असो. वर लिहिल्याने खालची जागा जात नाही. पण पहिल्या क्रमांकाचं कॉलेज लागलं की तिथेच प्रवेश घ्यावा लागतो, म्हणून जिथे राहायची सोय नाही असं कॉलेज केवळ नावासाठी पहिलं टाकू नका. यादी लांब ठेवा, घराजवळचं कॉलेज त्यात असू द्या. जागा मिळाली की दिलेल्या मुदतीत कॉलेजात जाऊन प्रवेश निश्चित करा.

८. कॉलेज निवडताना

रत्नागिरीत भागोजीशेठ कीर विधी महाविद्यालय, कुडाळला व्हिक्टर डांटस विधी महाविद्यालय, अलिबागला अ‍ॅड. दत्ता पाटील विधी महाविद्यालय, नवीन पनवेलला भागुबाई चांगू ठाकूर विधी महाविद्यालय. पाच आणि तीन वर्षं यांपैकी कुठला अभ्यासक्रम कुठे आहे, त्याला बार काउन्सिलची त्या वर्षीची मान्यता आहे का, हे कॅपच्या यादीतून खात्री करून घ्या. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चं. शुल्क कमी आणि स्पर्धा फार मोठी.

घराजवळचं कॉलेज म्हणजे दुय्यम, असं मला वाटत नाही. तालुका आणि जिल्हा न्यायालयांचं काम मराठीत चालतं, आणि सातबारा, कुळवहिवाट, सामायिक घरं, बागांची वाटणी हे कोकणातलं काम इथेच राहून समजतं. शिवाय ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आहे आणि रत्नागिरी, सिंधुदुर्गची प्रकरणं तिकडे जातात. वकिलीसाठी मुंबईतच खोली घ्यायला हवी, ही परिस्थिती राहिलेली नाही. आणि ज्यांच्या मनात थेट न्यायाधीश व्हायचं आहे त्यांच्यासाठी: सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालाने कनिष्ठ न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली आहे. म्हणजे त्यांनाही जिल्ह्यातली वकिली लागणारच.

९. प्रवेशाच्या दिवशी आणि त्यानंतर

शुल्क सवलतीसाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायचा. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि इतर मागासवर्गातल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. मुलांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेतून निम्मं शिक्षण शुल्क मिळू शकतं. या सवलती कॅपमधून प्रवेश घेतलेल्यांना आहेत. ‘कशाला फेऱ्यांची वाट बघता, व्यवस्थापनाच्या कोट्यातून लगेच घ्या’ असा सल्ला कोणी दिला, तर सवलत जाणार हे धरूनच हिशेब करा. मुलीच्या बाबतीत तर तो हिशेब फारच महागात पडतो.

पैसे भरले की पावती घ्या, पावती नसेल तिथे रोख देऊ नका.

शाळा किंवा महाविद्यालय सोडल्याचा मूळ दाखला कॉलेजात जमा होतो आणि परत मिळायला वेळ लागतो. व्हॅलिडिटीचा अर्ज अजून समितीपुढे असेल तर तोच मूळ दाखला तिथेही दाखवावा लागू शकतो. म्हणून जमा करण्याआधी त्याच्या साक्षांकित प्रती काढा आणि दाखला जमा केल्याचं कॉलेजच्या शिक्क्याचं पत्र त्याच दिवशी मागून घ्या.